घरातील टाकाऊ वस्तू : खतात काय जावे आणि काय जाऊ नये

शेतकऱ्याच्या घरी 'कचरा' या नावाची वस्तू पूर्वी जवळजवळ नव्हतीच, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ताटातील उरलेसुरले जनावरांपुढे जाई, जनावरांनी टाकलेले उकिरड्यात जाई आणि उकिरडा मृगापूर्वी गाडीत भरून शेतात जाई. चुलीची राख भांडी घासण्याच्या आणि वेलभाज्यांच्या कामी येई, जुनी लुगडी गोधडीत शिवली जात, मोरीचे पाणी परसातील केळीला मिळे. गृहिणीच्या नित्याच्या काटकसरीतून ही व्यवस्था चाले. तिच्यासाठी कोणी नियम केले नव्हते व पाट्याही लावल्या नव्हत्या.

उकिरडा आजही आहे, परंतु त्यात पडणाऱ्या वस्तू पालटल्या आहेत. कोणत्याही गावातील उकिरड्याजवळ घटकाभर थांबून निरीक्षण करावे. शेणाच्या पाट्यांबरोबर त्यात विजेरीचे संपलेले सेल, मुदत उलटलेल्या गोळ्यांची पाने, जनावरास टोचून फेकलेली सुई, फुटलेल्या ट्यूबच्या काचा, दाढीची पाती, आणि फवारणीच्या हंगामात तर कीटकनाशकाच्या रिकाम्या पुड्या व बाटल्या हटकून दिसतात. पूर्वी उकिरड्यात पडेल ते कुजत असे, म्हणून त्यात काहीही टाकले तरी चालत असे. आता तसे राहिलेले नाही. टाकण्याची सवय मात्र तीच राहिली आहे, आणि सारा धोका या सवयीत आहे.

शहरांसाठी २०१६ साली जे घनकचरा व्यवस्थापनाचे नियम झाले, त्यांत 'घरगुती घातक कचरा' हा प्रकार ओल्या व सुक्या कचऱ्याहून निराळा धरण्यात आला. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, पाऱ्याचे दिवे, मुदतबाह्य औषधे, फुटलेले तापमापक, वापरलेले सेल व सुया यांचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. यांपैकी कीटकनाशकाचा डबा शहरातील घरात क्वचितच सापडेल. तो मुख्यतः सापडतो आपल्याकडे, माजघराच्या कोनाड्यात, गोठ्याच्या आढ्याला किंवा कणगीच्या मागे. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचाच विचार अधिक विस्ताराने केला आहे.

उकिरड्याची शुद्धी

प्रथम जे कुजते त्याविषयी. घरातील केर, भाजीचे देठ, पालापाचोळा, तुरीची व कपाशीची धसकटे, भुसा, शेण आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती ही सर्व खताची सामग्री होय. तिचे उत्तम खत कसे करावे याचे शास्त्रीय प्रयोग आपल्या जवळच, इंदूर येथे, सर आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी केले व ती पद्धत १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती पुढे 'इंदूर पद्धती' या नावाने जगभर गेली. त्यानंतर पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत देणारी रीत बसविली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात.

नाडेपचे टाके आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. विटांच्या भिंतींत हवेसाठी भोके ठेवलेली असतात. तळ व भिंती शेणकाल्याने ओल्या करून सहा इंचांचा काडीकचऱ्याचा थर, त्यावर ४ ते ५ किलो शेण १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवून शिंपडणे, आणि त्यावर ५० ते ६० किलो कोरड्या मातीचा थर, असे थर चढवीत टाके काठाच्या दीड फूट वर भरावे व शेणमातीने लिंपून घ्यावे. लिंपणास भेगा पडल्यास त्या बुजवाव्यात व ओल टिकेल इतके पाणी शिंपडावे. नव्वद ते एकशेवीस दिवसांत खत तयार होते. एका टाक्यास सुमारे दीड टन काडीकचरा व शंभर किलोच्या आत शेण लागते आणि सुमारे तीन टन खत मिळते. ज्याच्या दारी एकच गाय आहे अशा शेतकऱ्याने हे प्रमाण अवश्य लक्षात घ्यावे.

येथे मुद्दा असा की, टाक्यात घालावयाची माती चाळलेली, काच-खडे-प्लास्टिक विरहित असावी असे या पद्धतीत आग्रहाने सांगितलेले आहे. जी दक्षता मातीविषयी, तीच केराविषयीही हवी. काच पायात रुतते, प्लास्टिक मुळाभोवती अडकते. हे डोळ्यांना दिसते. जे दिसत नाही ते अधिक वाईट. शिसे, पारा, कॅडमियम ही मूलद्रव्ये होत. ती कुजत नाहीत, उष्णतेने नाहीशी होत नाहीत आणि जिवाणू त्यांचे काहीच करू शकत नाहीत. पुन्हा भारित होणाऱ्या सेलांपैकी काहींत कॅडमियम असते. तो सेल उकिरड्यात फुटला की त्यातील धातू खताबरोबर शेतात जातो, तेथे राहतो, आणि पालेभाज्यांसारखी पिके तो मातीतून उचलतात. ज्या शेतात आपण खत म्हणून हे टाकतो, त्या शेतातील मेथी आपल्याच घरी शिजते.

तेव्हा गृहिणीने दोन पाट्या कराव्यात, एवढे पुरे. जे कुजते ते एका पाटीत, जे कुजत नाही ते दुसऱ्या पाटीत. दुसऱ्या पाटीतील लोखंड, काच, कागद, ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या फाटक्या गोण्या भंगारवाला आनंदाने नेतो व दोन पैसेही देतो. ठिबकच्या नळ्यांचे प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरात येते, म्हणून त्या बांधावर पेटवून देणे हे निव्वळ नुकसान होय. पाणी वाहून नेणाऱ्या कडक पीव्हीसी नळ्या पेटविल्यास त्याहून वाईट, कारण त्यांच्या धुरात घसा व फुप्फुसे जाळणारा हायड्रोजन क्लोराइड वायू आणि डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्ये असतात. उरतात त्या विषारी वस्तू. त्या या दोन्ही पाट्यांत जाता कामा नयेत.

रिकामा डबा रिकामा नसतो

आपल्या बोलण्यात एक शब्द फार घात करतो. कीटकनाशकास आपण सर्रास 'औषध' म्हणतो. 'औषध मारायला गेलो', 'औषधाचा डबा कोठे आहे', असे लहान मुलेही ऐकतात. पिकाच्या दृष्टीने ते औषध असेल; माणसाच्या दृष्टीने ते विष आहे. डब्यावरील चौकोनात ते किती तीव्र आहे हे रंगाने दाखविलेले असते : तांबडा रंग अत्यंत विषारी, पिवळा तीव्र विषारी, निळा मध्यम, हिरवा त्या मानाने सौम्य. अक्षर न ओळखणाऱ्या माणसासही कळावे म्हणूनच ही योजना आहे. निदान घरात बोलताना तरी या वस्तूस विष म्हणण्याची सवय लावावी, असे माझे मत आहे. शब्द बदलला की ती वस्तू ठेवण्याची जागा आपोआप बदलते.

देशात कीटकनाशकांचा कायदा का करावा लागला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या विषाने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धान्यमाल आणि विष यांची वाहतूक एकत्र झाली होती. त्या घटनेच्या चौकशीपासून जी विचारास सुरुवात झाली, तिचे फलित म्हणजे १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम. अन्न आणि विष यांची जागा एक असू नये, हे या सर्व कायद्यामागील मूळ तत्त्व म्हणता येईल.

कायदा होऊन चाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावर, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस आढळले. पूर्वी ते कीटकनाशक ज्यात होते अशा डब्यात स्वयंपाकाचे तेल ठेवले गेले होते, असे तपासात पुढे आले. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास त्याआधीच, २००५ साली, मनाई झालेली होती. परंतु येथे ते पिकावर कोणी फवारलेच नव्हते. एक रिकामा डबा तेवढा घरात राहिला होता. तेलास पाण्यासारखा रंग नसतो, त्यास स्वतःचा वास असतो, आणि ही विषे तेलात सहज मिसळून जातात. डबा कितीही स्वच्छ दिसला तरी प्लास्टिकच्या अंगात मुरलेला अंश धुऊन जात नाही.

म्हणून रॉकेल, गोडे तेल, दूध, पिण्याचे पाणी, बी-बियाणे, मीठ, जनावरांचे पाणी, यांपैकी कशासाठीही कीटकनाशकाचा डबा पुन्हा वापरू नये. शौचास जाताना पाणी नेण्यास अशी बाटली वापरलेली मी अनेक गावांत पाहिली आहे. तीच बाटली पुढे शेतावर तहान भागविण्यास वापरली जाते. याउलट चूकही तितकीच प्राणघातक आहे. मोठ्या डब्यातील विष थोडेसे काढून शीतपेयाच्या बाटलीत भरणे आणि शेजाऱ्यास उसने देणे ही चाल अजून चालू आहे. मूल ती बाटली ओळखते, म्हणूनच ती तोंडास लावते.

तीन वेळा विसळणे

डबा निर्धोकपणे टाकावयाचा तर तो आधी विसळला पाहिजे, आणि विसळण्याची वेळ एकच : पंपात विष ओतल्यानंतर लगेच, फवारणी सुरू करण्यापूर्वी. त्या वेळी विसळलेले पाणी पंपातच ओतता येते, तेव्हा ते कोठे टाकावे हा प्रश्नच उरत नाही. घरी आणून मोरीत किंवा ओढ्यावर डबे धुणे म्हणजे जे विष पिकावर पडावयाचे ते पाण्यात सोडणे होय.

कृती अशी. हातमोजे घालून डबा पंपाच्या तोंडावर उपडा धरावा. धार तुटून थेंब पडू लागल्यावरही अर्धा मिनिट तसाच धरावा. मग डब्याच्या पाव भागाइतके स्वच्छ पाणी घालून बूच घट्ट लावावे, अर्धा मिनिट चांगला खळबळून हलवावा आणि ते पाणी पंपात ओतून पुन्हा अर्धा मिनिट निथळू द्यावे. असे एकूण तीन वेळा करावे. बूच व त्याचे आटेही धुवावेत, कारण विष तेथेच सुकून बसते.

तीनच वेळा का, आणि एकदाच भरपूर पाणी घालून का नाही, असा प्रश्न शेतकरी विचारतात. तो रास्त आहे. समजा, एक लिटरच्या बाटलीत निथळल्यावरही १० मिलिलिटर विष चिकटून राहिले. त्यात २४० मिलिलिटर पाणी घातले की एकूण २५० झाले. ते ओतल्यावर पुन्हा १० मिलिलिटर मागे राहील, पण त्यात विष पूर्वीच्या पंचविसाव्या हिश्शाइतकेच असेल. दुसऱ्या खेपेस सहाशे पंचविसावा हिस्सा, तिसऱ्या खेपेस पंधरा हजार सहाशे पंचविसावा. आता तेच ७२० मिलिलिटर पाणी एकदम घातले असते तर? तर केवळ त्र्याहत्तरावा हिस्सा उरला असता. पाणी तेवढेच, श्रम थोडे अधिक, आणि फरक दोनशे पटींहून जास्त. शिवाय ते १० मिलिलिटर म्हणजे विकत घेतलेल्या मालाचा शंभरावा भाग. तो पिकाच्या उपयोगी पडतो हा लाभ वेगळाच.

कार्यकर्त्यांनी याचे प्रात्यक्षिक चावडीवर सहज करून दाखवावे. त्यासाठी विषाची गरज नाही. काचेच्या पारदर्शक बाटलीत कपड्यांची नीळ दाट कालवून ती ओतून द्यावी आणि मग लोकांसमोर तीन वेळा विसळावी. दुसऱ्या बाटलीत तितकेच पाणी एकदम घालून दाखवावे. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की व्याख्यानाची आवश्यकता राहत नाही. या प्रात्यक्षिकास स्त्रियांना अगत्याने बोलवावे, कारण पुष्कळ ठिकाणी पंपासाठी पाणी वाहण्याचे व विष कालविण्याचे काम त्याच करतात, आणि डबा घरात कोठे ठेवावयाचा हेही बहुधा त्याच ठरवितात.

विसळलेल्या डब्याच्या बुडाला खिळ्याने किंवा सळईने चार भोके पाडावीत. हे काम फार महत्त्वाचे आहे. भोक पडलेला डबा कोणी तेलास नेत नाही, बाजारात पुन्हा भरून विकत नाही आणि त्यात कोणी पाणीही आणत नाही. वरचे लेबल मात्र फाडू नये. आत काय होते ते पुढे समजले पाहिजे. पुड्या व पाकिटे पूर्ण रिकामी करून कापावीत आणि वेगळ्या गोणीत भरावीत.

पुरावे की साठवावे

येथपर्यंतचे काम शेतकऱ्याच्या हातचे आहे. पुढे अडचण आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. १९७१ च्या नियमांत सांगितले आहे की, वापरलेली वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून उघड्यावर ठेवू नयेत, तसेच ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. पहिला भाग निर्विवाद आहे. दुसऱ्याचा विचार आपल्या भूमीकडे पाहून केला पाहिजे. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यातील पाणी खडकाच्या भेगांतून व सांध्यांतून वाहते आणि त्याच भेगा विहिरीस पाणी देतात. वरची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. वळवाचे पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरते. अशा जमिनीत न विसळलेला डबा पुरणे म्हणजे तो विहिरीच्या वाटेवर ठेवणे होय. प्लास्टिक तर पुरले तरी कुजत नाहीच. नांगराच्या एका तासाने ते पुन्हा वर येते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २००८ साली दिलेल्या मार्गदर्शनाचा भरही विसळून, भोके पाडून, एकत्र गोळा करण्यावरच आहे. म्हणून माझी शिफारस अशी की, शक्य तेथे पुरण्याऐवजी साठवावे, आणि जाळू तर मुळीच नये.

ब्राझीलमध्ये २००० साली या बाबतीत कायदा झाला. शेतकऱ्याने विसळलेला डबा परत आणावयाचा, विक्रेत्याने तो घेण्याची सोय करावयाची आणि उत्पादकाने तो स्वखर्चाने वाहून न्यावयाचा, अशी तिघांत कामाची वाटणी केली गेली. तेथे अशा प्लास्टिक डब्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक परत येतात. आपल्याकडे ही साखळी अद्याप सर्वत्र जुळलेली नाही. तेव्हा शेतकऱ्याने आपल्या दुकानदारास डबे परत घेण्याविषयी विचारावे, एकट्याने नव्हे तर गटाने विचारावे. दहा शेतकऱ्यांनी विचारलेला प्रश्न दुकानदार कंपनीच्या प्रतिनिधीपर्यंत पोहोचवितो, असा अनुभव आहे.

भंगारवाल्यास हे डबे देऊ नयेत का? भंगारवाला हा गावाचा उपयोगी माणूस आहे, त्यास दोष देण्याचा हेतू नाही. परंतु त्याच्याकडे डबा कोठे जातो याचा पत्ता नसतो. त्यापासून पाण्याची बादली किंवा खेळणे बनू नये याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि त्याच्या घरची मुलेच हा माल निवडीत बसलेली असतात. न विसळलेला डबा त्यास देणे हा त्या मुलांवर अन्याय आहे.

घरात उरलेले जुने विष

डब्याहून अवघड प्रश्न भरलेल्या डब्याचा. पुष्कळ घरांत अशी विषे पडून आहेत की जी आता वापरता येत नाहीत. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. २०१८ च्या आदेशान्वये काही विषे तत्काळ, तर फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस आदी विषे ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. फोरेट म्हणजे ज्यास आपला शेतकरी 'थायमेट' म्हणतो ते दाणेदार विष. ते कांद्याच्या व उसाच्या गावांत घरोघर असे, आणि काही घरांत अजूनही उरलेले सापडेल. बंदी आली म्हणून कोनाड्यातील पुडी नाहीशी होत नाही.

अशा विषाचे काय करावे? ते विहिरीत, ओढ्यात, मोरीत वा शौचकूपात ओतू नये. जाळू नये. उंदीर-घुशींच्या बिळात घालू नये. मेलेली घूस कुत्रा खातो. दोन जुनी विषे एकत्र ओतून एक डबा मोकळा करण्याचा मोह आवरावा, कारण त्यांचा परस्परांवर काय परिणाम होईल हे सांगता येत नाही. मूळ डबा, मूळ लेबल, मूळ बूच तसेच ठेवावे. डबा गळत असल्यास तो अखंड प्लास्टिकच्या बादलीत कोरड्या मातीत उभा करावा. सांडलेल्या विषावर पाणी न ओतता कोरडी माती किंवा भुसा टाकावा, तो शोषून घेतल्यावर खराट्याने गोळा करून पिशवीत भरावा व तीही त्याच बादलीत ठेवावी. ज्याचे लेबल गेले आहे ते विष सर्वांत तीव्र आहे असे समजावे. या सर्वांची यादी करून ती तालुका कृषी कार्यालयास व ग्रामपंचायतीस द्यावी. घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी केंद्रे महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे आहेत. एका शेतकऱ्याची अर्धी बाटली तेथे जाऊ शकत नाही, परंतु तालुक्याचा एकत्रित साठा जाऊ शकतो. त्यासाठी यादी हवी.

धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी निराळे सांगितले पाहिजे. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. त्या पाण्यात टाकून विरघळविणे किंवा निजण्याच्या खोलीत ठेवणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. घरात असल्यास बंद नळी कोरड्या, उघड्या हवेशीर पडवीत, कुलपात ठेवून ताबडतोब कळवावे.

खरे पाहता विष उरू न देणे हाच उत्तम उपाय. एका एकरास ८० मिलिलिटर लागत असता अर्धा लिटर स्वस्त पडतो म्हणून घेणाऱ्याने उरलेल्या भागाचा हिशेब मांडून पाहावा. फवारणीपूर्वी एकदा साधे पाणी फवारून आपल्या शेतास किती पंप लागतात ते मोजावे. म्हणजे शेवटच्या पंपात कालविलेले पाणी उरणार नाही. थोडे उरलेच तर ते त्याच पिकाच्या, फवारणी न झालेल्या ओळीवर मारावे, बांधावरच्या गवतावर नव्हे. ते गवत म्हैस खाते.

इतर वस्तू

बॅटरीवर चालणारा फवारणी पंप आता बहुतेकांकडे आहे. त्यातील, तसेच ट्रॅक्टर व इन्व्हर्टरमधील जुनी बॅटरी शिसे व गंधकाम्ल यांची असेल, तर तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. ती दुकानदारास परत दिल्यास नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते, म्हणून ती फारशी वाया जात नाही. भीती आहे ती फोडण्याची. आम्ल नाल्यात ओतून शिसे चुलीवर वितळविण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा भाग मोठ्या माणसाच्या अंगात मुरतो, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात मुरतो व त्याची बुद्धी मंदावते. एकदा झालेली ही हानी भरून येत नाही. घड्याळातील व खेळण्यातील बटणासारखा सेल मुलाने गिळल्यास तो अन्ननलिका काही तासांत जाळतो, तेव्हा वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ट्यूब व पांढरे नागमोडी दिवे यांत थोडा पारा असतो. फुटल्यास दारे-खिडक्या उघडून मुलांना बाहेर न्यावे, काही वेळाने जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत भरावेत. केरसुणी लावू नये. एलईडी दिव्यांत पारा नसतो. सुया जाड प्लास्टिकच्या वा पत्र्याच्या डब्यात, टोपण लावून, आरोग्य उपकेंद्रात किंवा पशुवैद्यकाकडे द्याव्यात. जनावरांची उरलेली औषधे दुसऱ्या जनावरास अंदाजाने देऊ नयेत. डायक्लोफेनॅकने गिधाडांची काय दशा केली हे सर्वांस माहीत आहे. जनावरांसाठी त्याचा वापर २००६ साली बंद करावा लागला. इंजिनचे जळके ऑइल लाकडास वाळवीसाठी चोपडतात; गोठ्याच्या दावणीस किंवा गव्हाणीस ते कदापि लावू नये, कारण जनावरे लाकूड चाटतात.

गावाने करावयाची व्यवस्था

एका कुटुंबाची दक्षता एका मर्यादेपर्यंतच पुरते. ग्रामपंचायतीने शाळा, अंगणवाडी, विहीर व धान्याचे कोठार यांपासून दूर, पुराचे पाणी न चढणारी, पक्क्या फरशीची एक छोटी खोली यासाठी राखावी. नवी बांधण्याची गरज नाही. गावात एखादी पडकी, पण छप्पर शाबूत असलेली खोली असतेच. आत दोन पिंपे ठेवावीत : एक विसळलेल्या व भोके पाडलेल्या डब्यांसाठी, दुसरे सेल, दिवे व तत्सम वस्तूंसाठी. भरलेली जुनी विषे तिसऱ्या कोपऱ्यात, मातीच्या बादल्यांत. काय आले व कोणी आणले याची वहीत नोंद व्हावी. न विसळलेला डबा आल्यास तो परत न पाठविता बाजूस ठेवावा. परत पाठविलेला डबा ओढ्यात जातो.

महिन्यातील एक ठराविक दिवस, शक्यतो आठवडी बाजाराचा, डबे स्वीकारण्यासाठी नेमावा. खरिपाच्या फवारण्या श्रावण-भाद्रपदात दाटीने येतात, तेव्हा त्या काळात दर आठवड्यास खोली उघडणे इष्ट होईल. आशाताई व अंगणवाडीच्या सेविका घरोघर जातातच. कोनाड्यात, पलंगाखाली वा कणगीपाशी विषाचा डबा दिसल्यास तो हलविण्यास त्यांनी सांगावे. हे काम पुरुष कार्यकर्त्याने सांगण्यापेक्षा त्यांनी सांगितल्यास अधिक लवकर होते.

खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत एवढे लिहावे : विषबाधा झाल्यास अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे, लेबलावर तसे लिहिलेले नसेल तर उलटी करवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि विषाचा डबा लेबलासह डॉक्टरांकडे न्यावा. कोणते विष होते हे समजल्याशिवाय योग्य उतारा देता येत नाही, आणि हा वेळ डबा शोधण्यात जातो.

खोलीच्या किल्ल्या दोन असाव्यात. एक ग्रामपंचायत कार्यालयात आणि दुसरी गावात कायम राहणाऱ्या जबाबदार माणसाकडे. शिपाई रजेवर आहे म्हणून बंद दारापुढे डब्यांची गोणी पडून राहिली, असे होऊ नये.